अधिकार सोडणारा राजा
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा अहवालात आलाच आहे. मी इतिहासाची शिक्षिका. म्हणून आज एका राजाविषयी बोलते.

साताऱ्याकडील औंध हे ७२ गावांचे, विखुरलेले, लहानसे संस्थान. १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी तेथे गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे निष्ठावंत प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान मिळाले तेही याच संस्थानात. आपल्यापैकी गलाई व्यवसायासाठी आटपाडीकडून बंगळूरला आलेल्या घरांचे पणजोबा याच राजाचे प्रजाजन होते.

परंतु या राजाचे खरे मोठेपण दिसते ते जानेवारी १९३९ मध्ये. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने सिद्ध झालेली राज्यघटना त्यांनी लागू केली आणि कारभार लोकांच्या हाती सोपविला. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुका समित्या व्हाव्यात आणि त्यांतून विधिमंडळ उभे राहावे, अशी ती रचना. घटनेच्या घडणीत युवराज अप्पासाहेब पंतांसमवेत मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते होते. ते औंधास गेले ते आपल्या याच बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यातून!

बाळासाहेब तेव्हा सत्तर वर्षांचे होते. तीस वर्षे स्वतः हाकलेला गाडा दुसऱ्यांच्या हाती देणे आणि तो कसा चालतो ते शेजारी बसून पाहणे, यास मोठे मन लागते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा तेथील गावांना आपला कारभार आपण पाहण्याचा नऊ वर्षांचा अनुभव होता.

हे आज सांगण्यास कारण आहे. तीन वर्षांपूर्वी पहिलीत मुले कमी आली, तेव्हा कोणासही न विचारता मी दुसरी तुकडी बंद केली. हिशेब बरोबर होता. पुढे एक पालक मला म्हणाले, "बाई, एकदा विचारलं असतंत, तर आम्ही घरोघर फिरलो असतो." त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. बसवनगुडीत मराठी शाळा चालते ती मुलांना येथे पाठविणाऱ्या घरांच्या बळावर, आणि त्या घरांनाच मी विचारले नव्हते.

म्हणून संस्थेच्या संमतीने येत्या जूनपासून प्रवेश, तुकड्या आणि वाचनालयाचा निधी यांविषयीचे निर्णय पालक व माजी विद्यार्थी यांची निवडलेली समिती घेईल. तीत मुख्याध्यापिकेचे मत एकच असेल. माझ्या निवृत्तीस दोन वर्षे आहेत. समितीच्या हातून चुका होतील. त्या मी असतानाच व्हाव्यात, म्हणजे सावरण्यास आपण सारे एकत्र असू.

समितीसाठी नावे नोंदविण्याची वही बाहेर मेजावर ठेविली आहे. जाताना तीत आपले नाव अवश्य लिहावे, ही विनंती.