‘बरा होईल का?’ आणि ‘बरा आहे ना?’



‘बरा’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. मूल आजारी पडलं की आपण विचारतो, ‘बरा होईल का?’ आणि रस्त्यात कुणी भेटलं की विचारतो, ‘बरा आहेस ना?’ शब्द एकच, प्रश्न मात्र दोन. पहिला आजार जाण्याचा, दुसरा माणूस सुखात असण्याचा. आज मी ज्या मुलांविषयी बोलणार आहे, त्यांच्या आईबापांची उमेदीची वर्षं पहिल्या प्रश्नामागे धावण्यात जातात आणि दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

या मुलांच्या अवस्थेला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा नंतरच्या कोवळ्या वयात बाळाच्या मेंदूला इजा होते. वेळेआधी जन्म, फार कमी वजन, प्राणवायू न मिळणं, हाताबाहेर गेलेली कावीळ, मेंदूज्वर ही तिची काही कारणं. ही इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. हातपाय ताठरतात, मान सावरत नाही, बोलणं अडखळतं. बुद्धी मात्र पुष्कळ मुलांची शाबूत असते. हजार बाळांमागे दोन-तीन बाळं अशी असतात. हा हिशेब धरला तर जिंतूरपासून पालमपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात असं एखादं मूल निघेलच.

आणि त्या मुलासाठी अख्ख्या गावाजवळ औषध असतं! कुणी म्हणतं, वेखंड उगाळून जिभेला लावा. कुणी ब्राह्मी, शंखपुष्पीचा काढा सांगतं. कुणी बिब्ब्याचा डाग द्यायला सांगतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला. परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथे हिंदू-मुसलमान दोन्ही घरच्या आया मूल कडेवर घेऊन येतात. मी स्वतः दुआ मागणारा माणूस आहे. दुआ कुणाच्या पोटात विष घालत नाही, की गोळी बंद करा म्हणून सांगत नाही. औषध म्हणून जे पोटात जातं, त्याची मात्र चौकशी करायलाच हवी.

आधी चांगलं सांगतो. कोमट तेलाची मालिश आणि शेक यांनी ताठरलेले स्नायू काही काळ सैल होतात, मूल निवांत झोपतं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. पण मालिश हे अर्धंच काम. त्यानंतर सांधे हळूहळू ताणायचे, मुलाला नीट टेकू देऊन बसवायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावं लागतं.

आता धोक्याचं. या मुलांना गिळणं जड जातं. आडवं धरून तोंडात काढा किंवा नाकात तेल ओतलं, तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. वेखंडातल्या एका द्रव्याने प्राण्यांमध्ये कर्करोग झाल्याचं दिसलं, म्हणून अमेरिकेने 1968 साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. बॉस्टनमधल्या दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक औषधं तपासली गेली, त्यांतल्या 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हा अहवाल 2004 साली प्रसिद्ध झाला. शिसं तर मुलांच्या मेंदूवरच घाला घालतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे फिटची गोळी बंद करून काढा सुरू करणं. त्यात जीव जाऊ शकतो.

दोष फक्त जडीबुटीचा नाही. कॅनडात 111 मुलांवर प्रयोग झाला. काहींना बंद कक्षात दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला, बाकीच्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली, असं 2001 साली जाहीर झालं. आज मूलपेशींच्या नावाखाली लाखो रुपये मागितले जातात. पाल्सीवर हा उपचार पैसे घेऊन सरसकट करायला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुभा दिलेली नाही. मेंदूचे विकार आणि लकवा बरा करण्याची जाहिरात करणं तर 1954 च्या कायद्यानेच गुन्हा आहे. तेव्हा ‘शंभर टक्के गुण’ असा फलक दिसला, तर रान विकायला काढू नका.

पैसा पुन्हा मिळवता येतो. मुलाची पहिली दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत. बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर ‘उशिरा चालेल’ म्हणून थांबू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत येतात, त्यांना बाळ दाखवा. 2016 च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही या मुलांसाठी आहे.

मुंबईत मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, ही पाल्सी होती. आईने 1972 साली अशा मुलांसाठी शाळा काढली. मालिनीची पाल्सी गेली नाही. पण ती झेवियर्स कॉलेजात शिकली, लंडनला जाऊन दोन पदव्या घेऊन आली आणि एका बोटाने टाइप करून तिने आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते 2010 साली प्रसिद्ध झालं. ती बरी झाली नाही, पण बरी आहे, असं मी म्हणेन.

शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एक विनंती. अशा मुलाच्या आईला नव्या वैद्याचा पत्ता देऊ नका, तिच्याकडे डझनभर आहेत. त्याऐवजी तासभर मूल सांभाळा, तिला झोपू द्या. आणि घरात लग्न निघालं, तर पत्रिका देताना आवर्जून सांगा, ‘त्यालाही घेऊन या.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)