अंगावर जाणे आणि आहारातील उणीव

(तळेरे येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई-गोवा महामार्ग आणि विजयदुर्ग-कोल्हापूर रस्ता जेथे मिळतात, त्या तळेऱ्यात दवाखाना गाठणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते ‘अंगावरून पांढरे जाते’ हे शब्द डॉक्टरांपुढे उच्चारणे.

हे मौन किती महाग पडते, ते गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ५५ स्त्रियांची काहीतरी तक्रार होती. प्रत्यक्षात शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग आढळला. त्यांतील निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा अवघ्या ८.

योनिमार्गातील उपकारक जंतू आम्ल निर्माण करून रोगजंतूंना दूर ठेवतात. तेथील अस्तर सुदृढ राहण्यास ‘अ’ जीवनसत्त्व, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीस ‘ड’ जीवनसत्त्व साहाय्य करते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ४६९ गर्भवतींच्या पाहणीत (२००९) ‘ड’ची उणीव असलेल्या स्त्रियांत हा संसर्ग अधिक आढळला. गर्भारपणी तो झाल्यास अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून हे संशोधन महत्त्वाचे.

परंतु येथे उतावीळपणा नको. पुढे, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊनही संसर्ग पुन्हा उद्भवणे कमी झाले नाही. तात्पर्य, उणीव भरून काढावी ती एकूण प्रकृतीसाठी. संसर्गावर मात्र तपासणी करून योग्य औषधच घ्यावे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटून कर्तव्य संपले असे कोणी मानू नये.

आपल्या कोकणात शेवग्याचा पाला, पिकलेला पपई, तारली, बांगडा यांची वाण नाही. वाण आहे ती घरातील बाईच्या पानात. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले तिच्या वाट्याला येते, आणि लावणीच्या दिवसांत तीच दिवसभर चिखलात वाकलेली असते!

ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत हा विषय आशाताई व परिचारिकांनी मांडावा; त्या वेळी पुरुषांनी बाहेर थांबावे. आरोग्य केंद्रात तपासणीसाठी आडोशाची खोली आहे की नाही, हे पंचायत सदस्यांनी स्वतः जाऊन पाहावे. दुर्गंधी, खाज अथवा ओटीपोटात दुखणे असल्यास साबणाने आतून धुण्याचे उपाय करू नयेत. त्याने उपकारक जंतूच नष्ट होतात. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा, आणि सोबत सासूबाई गेल्या तर फारच उत्तम.