हजेरीचे घड्याळ

मुंबईच्या गिरणीकामगारांनी १९०६ च्या जानेवारीत गिरणीच्या घड्याळांवर दगड फेकले. नव्या प्रमाणवेळेने त्यांचा दिवस ३९ मिनिटे अलीकडे ओढला होता. आमच्या चाकणला दगड फेकायला घड्याळच दिसत नाही!

तेथील एका कारखान्यात रात्री १२॥ ला तिसऱ्या पाळीस आलेल्यांची हजेरी संगणकाने आदल्या तारखेस, संध्याकाळी ७ ला मांडली, आणि खाडा धरून पगार कापला. उत्तर मिळाले, "यंत्र चुकत नाही." मग आम्ही दोन रात्री फाटकावर मनगटी घड्याळ धरून नोंदी ताडल्या. फरक दर वेळी नेमका ५॥ तासांचा. चार-सहा मिनिटांचा असता, तर सर्व्हरचे घड्याळ मागे पडले म्हणालो असतो. येथे घड्याळ बरोबरच होते. ते जागतिक वेळ दाखवीत होते, आणि हजेरीच्या स्क्रिप्टला 'एशिया/कोलकाता' हा वेळविभाग कोणी सांगितलाच नव्हता. यंत्र चुकले नव्हते, हे खरेच!

ती एक ओळ पाच मिनिटांत घातली गेली. जुन्या नोंदींत मात्र ५॥ तास मिळवायचे, नव्यांत नाही, हे पटवून कापलेला पगार सोडवून घ्यायला आम्हांला तीन महिने लागले.