जुळ्यांची आई आणि रोजची कॅप्सूल



सोनोग्राफीत जुळं दिसलं की घर आधी हरखतं आणि मग धास्तावतं. धास्ती खोटी नाही. साधारण निम्मी जुळी तरी ३७ आठवडे भरायच्या आतच जन्मतात. म्हणून जुळ्यांच्या आईला बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुरू होते. हे संप्रेरक गर्भपिशवी शांत ठेवतं. पोटात एकच बाळ असेल आणि पिशवीचं तोंड आखूड असेल, तर त्याचा उपयोगही होतो.

मग जुळ्यांना का होणार नाही? ब्रिटनमध्ये हे तपासून पाहिलं. जुळं असलेल्या ५०० जणींपैकी निम्म्यांना २४व्या आठवड्यापासून दहा आठवडे रोज प्रोजेस्टेरॉनचं जेल दिलं, उरलेल्यांना हुबेहूब तसंच, पण बिनऔषधाचं. २००९ साली निष्कर्ष आला: लवकर होणारी बाळंतपणं कमी झाली नाहीत. अमेरिकेत दर आठवड्याचं इंजेक्शन देऊन पाहिलं. जुळ्यांत गुण आला नाही, तिळ्यांतही नाही.

पिशवीच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटरच्या आत असेल, तर मात्र जुळ्यांतही योनीमार्गातून दिलेल्या औषधाचा फायदा होऊ शकतो. म्हणून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला डॉक्टरांना जरूर विचारा, "तोंडाची लांबी मोजली का?" आणि सुरू असलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नका.

मला जास्त काळजी वाटते ती दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याची. चोपडा, यावल, शिरपूरचे सातपुड्यातले पाडे, साक्रीचा पश्चिम भाग. तिथं सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तर बाळाला आधार डेक्सामेथासोनचा: बारा-बारा तासांनी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं. त्यांनी कोवळी फुफ्फुसं श्वासासाठी तयार होतात. पुढे पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन एएनएम सिस्टरनं द्यावं, अशी केंद्र सरकारची २०१४ पासूनची सूचना आहे. पण त्यासाठी बाई वेळेत पोचायला हवी. पोट कडक होऊन दुखू लागलं, पाणी गेलं, तर उजाडायची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

सातव्यात माहेरी पाठवायची आपली रीत आहे. जुळं असेल तर आधी पाहा, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग सासरहून जवळ की माहेराहून. जे घर जवळ, तिथंच लेकीला ठेवा. आईनं यंदा सासरी येऊन राहावं.