याकुतियाचा घोडा आणि याकुतियाची गाय



रशियाच्या ईशान्येला याकुतिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या वर्खोयान्स्कला पारा उणे 67.8 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा हिवाळ्यातही याकुत घोडा गोठ्यात येत नाही. खुरांनी बर्फ उकरून तो खालचं सुकं गवत खातो. पाय आखूड, धड भरलेलं, केस दाट, आणि शरद ऋतूतच अंगावर चरबी साठवलेली.

या भागात पूर्वी रानघोडे होते. आजचा घोडा त्यांचाच वंशज असेल, असं कुणालाही वाटेल. पण याकुतियातल्याच बातागाय इथल्या 5,200 वर्षांपूर्वीच्या घोड्याचा जनुकसंच तपासला, तेव्हा तो वंश लुप्त झालेला निघाला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार आजचे घोडे याकुत लोकांनी 13 ते 15 व्या शतकांच्या दरम्यान दक्षिणेकडून आणले. म्हणजे जेमतेम शंभर पिढ्यांत त्यांनी ही थंडी अंगी बाणवली! उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ फार थोडा आहे.

हे जमलं कसं? त्यांच्यातले बरेच बदल प्रथिनं घडवणाऱ्या भागात नाहीत. कोणतं जनुक केव्हा आणि किती चालावं, हे ठरवणाऱ्या भागांत ते आहेत. तबला तोच, वाद्या आवळून सूर बदलला. केसांची वाढ, शरीराचा आकार, चयापचय, संप्रेरकं या सगळ्यांशी हे बदल निगडित आहेत. यांतली काही जनुकं सायबेरियातल्या माणसांत आणि लुप्त झालेल्या केसाळ मॅमथमध्येही निवडली गेलेली दिसतात, हे मला विलक्षण वाटतं.

तिथली गाय मात्र हिवाळा गोठ्यात काढते. ती ठेंगणी असते आणि तिच्या कासेवरही दाट केस असतात. दूध थोडं, पण स्निग्धांश भरपूर. 2021 च्या एका अभ्यासात तिच्या हृदयाच्या स्नायूशी संबंधित एनआरएपी जनुकात एक बदल आढळला. थंडीत जगणाऱ्या आणि शीतनिद्रा घेणाऱ्या इतरही काही सस्तन प्राण्यांत तोच बदल स्वतंत्रपणे झालेला आहे.

सोव्हिएत काळात जास्त दुधासाठी या गायींचा खोल्मोगोर आणि सिमेंटल वळूंशी सर्रास संकर झाला. शुद्ध जात टिकली ती एवेनो-बितान्ताय या दुर्गम भागात, रस्ते पोचले नाहीत म्हणून. आता तिला वाचवण्याची धडपड चालू आहे.

तशीच हवामानाशी जुळलेली गाय आपल्याकडेही आहे. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात उभी राहते ती डांगी गाय. तिची कातडी तेलकट असते, पाणी धरत नाही. याकुत गायीसारखी वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून आपल्यातले जे पशुपालक आहेत, त्यांना माझी विनंती आहे: संकर जरूर करा, दूध हवंच आहे; पण गावात डांगीचा एक तरी शुद्ध वळू राखा आणि काही गायी त्यालाच दाखवा.