ज्वारीची खोडमाशी आणि शेतकरी बाई
(बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या दुष्काळी तालुक्यांत रब्बीची ज्वारी म्हणजे वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा. ती गेली की धान्य विकत आणायचं, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. म्हणून आज मी खोडमाशीबद्दल बोलणार आहे.

ही बारीक माशी कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला एकेक पांढरं अंडं घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंबच कुरतडते. पोंगा वाळतो, ओढला की सहज हातात येतो, त्याला कुजका वास येतो. धोका असतो तो उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात. पोंगा एकदा वाळला की औषध मारून तो परत हिरवा होत नाही. पैसा तेवढा जातो.

म्हणजे उपाय आधीच करायला हवा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान, ओल बघून, आणि शेजारच्या रानांनी मिळून एकाच वेळी करायची. हेक्टरी 10 किलो बी लागतं, ते थोडं जास्त धरायचं. विरळणी करताना पोंगा वाळलेली रोपं उपटून जाळायची. गुरांपुढं टाकायची नाहीत. कोवळ्या ज्वारीनं विषबाधा होते.

आता सांगा, बी राखून कोण ठेवतं? विरळणी, खुरपणी कोण करतं? पहिला वाळलेला पोंगा कुणाला दिसतो? आपल्यालाच. पण शिबिराचं बोलावणं येतं सातबारावर नाव असणाऱ्याला. मी एकदा अशा शिबिराला गेले, तर "मालकांना पाठवा" म्हणाले. पेरणी कधी, बी किती, हे मालक ठरवणार. माशी पडली की दुकानदार सांगेल ते औषध येणार. फवाऱ्याचं पाणी आपण वाहायचं, औषधानं भिजलेले कपडे आपण धुवायचे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायद्यानं मिळाला. तो सातबारावर उतरवण्यासाठी भांडायचंच. पण तोवर ज्ञानासाठी थांबायचं कशाला? शिबिर बांधावर, विरळणीच्या दिवसांत घ्या, आणि हजेरीत आमची नावं शेतकरी म्हणून लिहा, ही मागणी ग्रामसभेत मांडू या. आणि यंदा पेरणीचा आठवडा गावातल्या बायकांनी एकत्र बसून ठरवू या.