अडलेल्या गाडीस विजेची उसनवारी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय विजेवर चालणाऱ्या मोटारीचा आहे; परंतु ती मोटार घ्यावी कीं न घ्यावी हा वाद मला येथें घालावयाचा नाहीं. ज्यांनीं ती घेतली त्यांच्यावर, आणि ज्यांनीं घेतली नाहीं त्यांच्यावरहि, केव्हां तरी येणारा जो एक प्रसंग, त्याचा विचार मी आपल्यापुढें मांडणार आहें. रात्रीची वेळ आहे. कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता आहे. बॅटरी संपल्यामुळें एक मोटार कडेला उभी आहे. मागून दुसरी मोटार येते आणि पहिलीचा मालक हात करतो. दोन्ही गाड्या पेट्रोलच्या असत्या तर पुढें काय करावयाचें हें दोघांसहि ठाऊक होतें: रबराची एक नळी, एक बाटली आणि पांच मिनिटें. आतां मागच्या गाडींत वीज आहे आणि पुढच्या गाडींत ती नाहीं. ती देतां येते काय, येत असल्यास किती, आणि कोणत्या रीतीनें, हें मात्र पुष्कळांस सांगतां येत नाहीं.

दिव्यानें दिवा लावावा तशी ही गोष्ट असेल असें प्रथम वाटतें. तसें तें नाहीं. एका ज्योतीनें दुसरी पेटविली तर पहिलीचें कांहीं उणें होत नाहीं. विद्येचेंहि तसेंच आहे. जन्मभर ती वांटूनहि शिक्षकाची पुंजी घटत नाहीं. वीज ही मात्र घागरींतल्या पाण्यासारखी आहे. एका घागरींतून दुसरींत ओतलें म्हणजे पहिलींत तेवढें कमी होतेंच, शिवाय ओततांना जें सांडतें तें वेगळें. म्हणून येथें पहिली गरज हिशेबाची आहे.

गाडीनें गाडीस वीज द्यावी ही कल्पना तशी नवी नाहीं, आणि ती आपल्या घराजवळच जुनी झालेली आहे. १९३० च्या सुमारास कल्याणपासून पुण्यापर्यंतची आगगाडी विजेवर चालूं लागली. घाट उतरणाऱ्या गाडीच्या मोटारी उलट काम करून वीज उत्पन्न करीत, ती डोक्यावरच्या तारेंत सोडीत, आणि त्याच वेळीं घाट चढणाऱ्या गाडीस तिचा उपयोग होई. आज विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्टेशनांवरून धांवणाऱ्या नव्या लोकल गाड्याहि ब्रेक लावतांना कांहीं वीज तारेस परत करतात. रेल्वेस ही सामाईक तार आहे. रस्त्यावरच्या मोटारीस ती नाहीं. प्रत्येक मोटार आपली घागर आपल्याबरोबर घेऊन फिरते. सारी अडचण येथें आहे.

आतां गाडी अडली म्हणजे काय झालें, हें आधीं पाहिलें पाहिजे. विजेच्या मोटारींत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, शेंकडों व्होल्टची, जी चाकें फिरविते. दुसरी लहान, बारा व्होल्टची, नेहमींच्या मोटारींत असते तशी. ती दिवे, कुलपें आणि गाडीचा यांत्रिक मेंदू जागा ठेवते. मोठी बॅटरी भरलेली असूनहि लहान बॅटरी मेली तर गाडी जागीच होत नाहीं, पडदा काळा राहतो. हें अडणें सोपें. दुसऱ्या मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून, गाडीच्या पुस्तकांत दाखविल्याप्रमाणें तारा जोडून, तिला जागें करतां येतें. फक्त ट्रकची वीज घेऊं नये. ती बहुधा चोवीस व्होल्टची असते आणि गाडीचीं नाजूक यंत्रें जाळून टाकील. उलट, बंद पडलेल्या पेट्रोलच्या गाडीस विजेच्या मोटारीवरून धक्का देऊं नये असें पुष्कळ कारखानदार बजावतात. कारण इंजिन सुरू करण्यास क्षणभर जो शेंकडों अँपियरचा प्रवाह लागतो, त्यासाठीं तिची रचना केलेली नसते.

खरें अडणें तें मोठी बॅटरी रिकामी होण्याचें. तेथें पेट्रोलच्या मोटारीचा किती उपयोग होईल? शाळेंतल्या त्रैराशिकानें हें उदाहरण सुटतें. नेहमींच्या मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची आणि सुमारें ४० अँपियर-तासांची धरली, तर गुणाकार ४८० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनहि थोडा कमी येतो. विजेची मध्यम मोटार एका युनिटांत अदमासें सहा ते सात किलोमीटर जाते. म्हणजे ती सारी बॅटरी ओतली तरी तीनच किलोमीटर मजल होईल, आणि देणाऱ्याची गाडी मग सुरूच होणार नाहीं. एका अडलेल्याच्या जागीं दोन अडलेले, एवढेंच फळ. इंजिन चालू ठेवून त्याच्या डायनामोची वीज घ्यावी म्हटलें, तर तो ताशीं सुमारें एक युनिट देईल. तासभर पेट्रोल जाळून पांचसहा किलोमीटरांची सोय करण्यापेक्षां त्याच पेट्रोलांत अडलेल्या मंडळींस आपल्या गाडींत बसवून घरीं पोंचविणें अधिक शहाणपणाचें.

आतां देणारी गाडीहि विजेची आहे असें समजूं. येथें मात्र चित्र पालटतें. अशी मोटार मोठ्या बॅटरींतली वीज बाहेर देऊं शकेल, अशी सोय अलीकडे होऊं लागली आहे. कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें २०२१ सालीं काढलेल्या आयोनिक-पांच या मोटारींत ३.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेण्याची व्यवस्था होती. आपल्याकडे टाटांच्या नेक्सॉन मोटारीची सुधारलेली विजेची आवृत्ति सप्टेंबर २०२३ मध्यें बाजारांत आली. तींत घरगुती उपकरणें चालविण्यास ३.३ किलोव्होल्ट-अँपियरपर्यंत आणि दुसऱ्या मोटारीस देण्यास ५ किलोव्होल्ट-अँपियरपर्यंत वीज काढतां येते. ही मोटार पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होते. म्हणजे ही विद्या परदेशींचीच राहिलेली नाहीं.

ही देवघेव किती वेळ करावी? आपल्या सरकारच्या पूर्वीच्या मार्गदर्शक नियमांत हमरस्त्यावर दर २५ किलोमीटरांस एक चार्जिंग-केंद्र असावें असें धोरण सांगितलें होतें, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानेंहि तेंच अंतर धरलें आहे. तें पूर्णपणें अमलांत आलें असें समजूं. मग अडलेली गाडी अगदीं मधोमध अडली तरी कोणत्याहि बाजूचें केंद्र साडेबारा किलोमीटरांहून दूर असणार नाहीं. त्यास दोन युनिटें पुरतात. ताशीं ३.३ युनिटांच्या वेगानें तीं भरण्यास सुमारें छत्तीस मिनिटें लागतील, चाळीस धरूं. वाटेंत सांडणारा पंचमांश जमेस धरला, तर देणाऱ्याचीं अडीच युनिटें, म्हणजे त्याच्या वाटचालींतले पंधरासोळा किलोमीटर खर्च होतील. एका अनोळखी माणसासाठीं चाळीस मिनिटें आणि पंधरा किलोमीटर: ही मदत नळी-बाटलीहून महाग आहे, परंतु परवडणार नाहीं इतकी महाग नाहीं. यांत ध्यानांत ठेवण्याची गोष्ट हीच कीं, बॅटरी भरून देणें हें देणाऱ्याचें काम नव्हे. पुढच्या केंद्रापर्यंत पोंचविणें एवढेंच त्याचें काम.

घाटाचा हिशेब निराळा. दीड हजार किलो वजनाची मोटार १०० मीटर उंच चढविण्यास, पदार्थविज्ञानाच्या नियमाप्रमाणें, ०.४ युनिट लागतें. सांडलवंड धरून अर्धें युनिट म्हणा. म्हणजे दर १०० मीटर चढास तीन किलोमीटरांची वाट अधिक मोजावी लागते. यास्तव माळशेज घाटांत गाडी अडलीच, तर उसनी घेतलेली वीज चढाकडे न खर्चितां, शक्य असल्यास, उताराकडील केंद्र गांठावें.

परंतु श्रोतेहो, आमच्या उल्हासनगरांत, कॅम्प नंबर दोनच्या नेहरू चौकांत उभें राहिलें, तर मोटारींपेक्षां स्कूटरी अधिक दिसतात. आणि या उसनवारीचा खरा लाभ स्कूटरवाल्यांस आहे. विजेची स्कूटर एका युनिटांत तीस किलोमीटरांच्या आसपास जाते. मोटारवाल्यानें आपल्या सहा किलोमीटरांची वीज दिली कीं स्कूटरवाल्याचे तीस किलोमीटर होतात! अर्ध्या तासांत तिचा लहान चार्जर युनिटाचा तिसरा हिस्सा जरी घेईल, तरी अंबरनाथाहून उल्हासनगरास येण्यास तो पुरून उरेल. अडचण आहे ती जोडाची. मोटारींच्या साध्या चार्जिंगचा जोड आपल्याकडे बहुतेक एकच झाला आहे. स्कूटरींत प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ सालीं हलक्या वाहनांसाठीं एका देशी जोडास मान्यता दिली, तरी सर्वांनीं तो स्वीकारलेला नाहीं. तोंपर्यंत आपला घरगुती तीन पिनांचा प्लग हाच सर्वांचा दुभाषी. म्हणून आपला चार्जर घरच्या खुंटीवर टांगून न ठेवतां गाडीबरोबर न्यावा. तो जवळ नसेल तर शेजारीं भरलेली मोटार उभी असूनहि उपयोग नाहीं.

कांहीं पथ्यें सांगितलीं पाहिजेत. पहिलें पथ्य पाण्याचें. २६ जुलै २००५ चा महापूर आपण विसरलों नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरानें वेढली गेली आणि हजारावर उतारूंस नौकांनीं बाहेर काढावें लागलें, तेंहि ताजें आहे. पुराच्या पाण्यांत बुडालेल्या विजेच्या गाडीस वीज देऊं नये, घेऊं नये, तिला हात लावूं नये; कारागिरासच बोलवावें. दुसरें पथ्य केबलीचें. जाड, पंधरा अँपियरची केबल वापरावी, आणि तिची गुंडाळी पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल तापून वितळते. तिसरें पथ्य अर्थिंगचें. पुष्कळ चार्जर अर्थिंग मिळालें नाहीं तर वीज घेण्याचें नाकारतात, आणि मोटारींतून काढलेल्या विजेस जमिनीचा संबंध नसतो. म्हणून आपल्या दोन गाड्यांचें जमतें कीं नाहीं हें अंगणांत एकदां करून पाहावें, अपरात्रीं रस्त्यावर नव्हे. चौथें पथ्य ओढण्याचें. विजेची गाडी दोरीनें ओढूं नये. चाकें फिरलीं म्हणजे मोटार फिरते, मोटार वीज उत्पन्न करते, आणि ती नको तेथें जाऊन यंत्र बिघडविते. तिला चारी चाकांनीं उचलून नेणारें वाहनच पाहिजे. शेवटचें पथ्य माणुसकीचें. गाडींत आजारी माणूस असेल तर चाळीस मिनिटें केबल लावून बसूं नये. १०८ ला बोलवावें, किंवा त्याला आपल्या गाडींत घेऊन दवाखाना गांठावा. आधीं माणूस, मग मोटार.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. पेट्रोलच्या प्रत्येक गाडींतून दुसऱ्यास पेट्रोल देतां येत असे. त्यासाठीं कारखानदारानें मुद्दाम कांहीं करावें लागत नव्हतें. विजेच्या गाडीनें दुसऱ्यास वीज द्यावी असें वाटत असेल, तर ती शक्ति कारखान्यांतच तिच्या अंगीं घालावी लागते. आज ती कांहीं गाड्यांत आहे, पुष्कळांत नाहीं. म्हणजे रस्त्यावर एकमेकांस साहाय्य करण्याची जी रीत आपल्या पिढीनें गृहीत धरली होती, ती पुढें टिकावी कीं लयास जावी, हें आतां ग्राहकांच्या मागणीवर आणि सरकारच्या नियमांवर अवलंबून राहिलें आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई आणि आसपासचा प्रदेश सकाळीं दहाच्या सुमारास एकाएकीं अंधारांत गेला होता. अशा दिवशीं चार्जिंग-केंद्रेंहि बंदच असतात. त्या वेळीं शेजाऱ्याची भरलेली गाडी हेंच केंद्र. जपानांत २०११ च्या भूकंपानंतर हा धडा लोकांनीं घेतला, आणि पुढल्याच वर्षीं मोटारीवरून घरास वीज देण्याचीं साधनें तेथें विक्रीस आलीं.

यास्तव विजेची गाडी घेणाऱ्या श्रोत्यांस माझी विनंति आहे. एका भरणींत ती किती किलोमीटर जाते, हें दुकानदारास आपण विचारतांच. त्याबरोबर ती दुसऱ्यास वीज देते काय, हेंहि विचारा. शंभर ग्राहकांनीं विचारलें तर दुकानदार तो प्रश्न वर कळवील, आणि हजारांनीं विचारलें तर कारखानदार त्याचें उत्तर तयार ठेवील. आमचें हें नगर फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनीं लष्करी छावणीच्या बराकींत वसविलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. एका बराकींत मधें पडदा लावून जेथें अनेक संसार झाले, तेथें वाटीभर साखर किंवा दोन बादल्या पाणी शेजाऱ्याकडून उसनें आणणें हें कोणी लाजिरवाणें मानलें नाहीं. उसनें घेतलेलें परत करावयाचें असतें, तें त्याच घरीं किंवा गरज पडेल त्या दुसऱ्या घरीं, एवढाच त्या व्यवहाराचा नियम. विजेच्या दोन युनिटांस तोच नियम लावावा.